पुष्पकातून दिसणारी पंढरीची वाट

आषाढ शुद्ध एकादशी जवळ येऊ लागली, की वृत्तपत्रांत एक चित्र हटकून अवतरते. दिवे घाटाची नागमोडी वाट, तिच्या दोन्ही अंगांना पहिल्या पावसाने नुकतेच हिरवे होऊ लागलेले डोंगर, आणि त्या वाटेवरून काठोकाठ भरून वर चढणारा माणसांचा प्रवाह. चित्र घाटमाथ्याच्याही वरून, हेलिकॉप्टरमधून अथवा ड्रोनच्या साहाय्याने टिपलेले असते. माणूस त्यात तांदळाच्या कणीएवढा. पताकांचा भगवा रंग तेवढा ओळखू येतो, आणि मध्ये कोठेतरी पालखीच्या रथाचा रुपेरी ठिपका. कित्येक भाविक हे कात्रण जपून ठेवतात. विठ्ठल-रखुमाईच्या तसबिरीशेजारी ते लावलेले मी अनेक देवघरांत पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी मनात एक शंका उभी राहिली आहे. वारी ही पायांनी करावयाची उपासना. पाय जमिनीवरून उचलून हजार फूट वर नेल्यावर जे दिसते, त्यास दर्शन म्हणावे की देखावा? आजच्या पर्वकाळी ह्याच शंकेचे थोडे निरूपण करावे, असे योजिले आहे.

आकाशातून पृथ्वी पाहण्याची हौस यंत्रयुगाने निर्माण केली, असा एक समज आहे. संस्कृत वाङ्मयाचा ज्यांस परिचय आहे, त्यांना तो पटणार नाही. वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात संपाती आपली कहाणी सांगतो. तो आणि जटायू हे दोघे भाऊ पैज लावून सूर्याकडे झेपावले. त्या उंचीवरून खाली पाहता त्यांना निरनिराळी नगरे रथाच्या चाकांएवढी भासली, अरण्ये हिरवळीच्या तुकड्यांसारखी, नद्या पृथ्वीभोवती गुंडाळलेल्या सुतांसारखी, आणि हिमवान, विंध्य, मेरू हे महापर्वत जलाशयात उतरलेल्या हत्तींसारखे. ज्याने विमानाच्या खिडकीतून एकदा तरी खाली पाहिले आहे, त्याने सांगावे, की ह्यात एकही उपमा चुकीची आहे काय?

कालिदासाने तर ही दृष्टी अंगीच बाणवली होती. मेघदूताचा आरंभ होतो तो आषाढातच, आणि तोही आमच्या विदर्भातल्या रामगिरीवर. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार प्रतिपादिले. यक्ष मेघाला वाट सांगतो ती वाटसरूची वाट नाही. ती वरून दिसणारी वाट आहे. विंध्याच्या पायथ्याशी खडकाळ भूमीत फुटून अनेक धारांनी वाहणारी रेवा कवीला हत्तीच्या अंगावर काढलेल्या वेलबुट्टीसारखी दिसते. चर्मण्वतीचे, म्हणजे चंबळेचे पात्र वस्तुतः विशाल. परंतु गगनचारी सिद्धांना ते दुरून बारीक दिसेल, आणि पाणी पिण्यास वाकलेला श्यामल मेघ त्यांना पृथ्वीच्या मोत्यांच्या सरातील मधल्या इंद्रनील मण्यासारखा भासेल, अशी कल्पना त्याने केली आहे. उंचीमुळे रुंदी कशी आटते, ह्याची जाण ज्याला आहे, तोच असे लिहू शकतो. कालिदास कधी उडाला नव्हता. डोंगरमाथ्यावर मात्र तो पुष्कळ वेळ बसला असला पाहिजे.

यंत्राची कथा मग थोडक्यात सांगता येते. नादार ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ साली पॅरिसजवळ बलूनमधून पहिले हवाई छायाचित्र घेतले. आरंभीचे त्याचे यत्न फसले, कारण बलूनमधून सुटणारा वायू काचेवरील रसायन बिघडवून टाकी. ते पहिले चित्र आज उपलब्ध नाही. आज जे सर्वांत जुने उरले आहे, ते १८६० साली जेम्स वॉलेस ब्लॅक ह्याने बोस्टन शहराचे घेतलेले. पुढे पतंगाला कॅमेरे बांधले गेले. जर्मनीतील एका औषधविक्रेत्याने तर कबुतरांच्या छातीवर चिमुकले कॅमेरे बांधून त्यांच्याकडून चित्रे काढविली. महायुद्धांनी ह्या विद्येला आपल्या कामास जुंपले. सामान्य माणसाच्या घरी ती सौंदर्य म्हणून पोचली ती बरीच अलीकडे, आणि त्याचे मोठे श्रेय यान आर्त्यूस-बेर्त्राँ ह्या फ्रेंच छायाचित्रकाराच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पृथ्वीदर्शनाच्या ग्रंथाकडे जाते. शेते, वाळवंटे, मासळी वाळवणारी माणसे, कपडे वाळत घातलेली नदीकाठची खडी: सारे काही वरून, आणि सारे काही रांगोळीसारखे.

महाराष्ट्रात हे काम नौदलाशी संबंध असलेल्या गोपाळ बोधे ह्यांनी निष्ठेने केले. किल्ले, दीपस्तंभ, तीर्थक्षेत्रे त्यांनी आकाशातून टिपली. २०१४ साली त्यांचे निधन झाले. उद्धव ठाकरे ह्यांचे ‘महाराष्ट्र देशा’ हे हवाई छायाचित्रांचे पुस्तक २०१० साली आले आणि पाठोपाठ २०११ साली वारीवरचे ‘पहावा विठ्ठल’. राजकारणातले मतभेद बाजूला ठेवून सांगावयाचे, तर ह्या दुसऱ्या पुस्तकाने वारीकडे पाहण्याची मराठी वाचकाची नजर एका पायरीने वर नेली, हे मान्य केले पाहिजे. त्या काळी असे चित्र घ्यावयाचे म्हणजे हेलिकॉप्टर हवे, शासनाच्या परवानग्या हव्यात, उघड्या दारातून स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेऊन बाहेर झुकावयास हवे. यंत्राच्या थरथरीवर मात करण्यासाठी कॅमेऱ्याचा पडदा अतिवेगाने उघडमीट करावा लागे, आणि आषाढाचे ढग खाली उतरले, की सारा खटाटोप व्यर्थ. पुढे ड्रोन आले. २०१४ साली त्यांच्या नागरी वापरास मनाई झाली होती. २०२१ च्या नियमांनी वाट पुष्कळ मोकळी केली. आता गावोगावची तरुण मुले आपल्या यात्रेचे, आपल्या धरणाचे, पेरणीचे आकाशचित्र काढून एकमेकांस दाखवितात. ह्यात वाईट काही नाही. संपातीची दृष्टी सर्वांस सुलभ झाली.

आता हे चित्र वाचावे कसे? कीर्तनकाराला अभंगाचे एक-एक चरण सोडवून सांगण्याची सवय असते, तीच येथे उपयोगी पडते. अगदी डोक्यावरून सरळ खाली पाहिलेले चित्र नकाशासारखे असते. त्यात क्षितिज नाही, आकाश नाही. तिरप्या नजरेने घेतलेल्या चित्रात दोन्ही येतात, म्हणून ते डोळ्यांस अधिक गोड लागते. सरळ चित्रात माणसाचा चेहरा मुळीच दिसत नाही. दिसतो तो माथा: पांढरी टोपी, फेटा, पदर. आणि येथे एक मौज आहे. वारीतल्या मायबहिणी जे काही मोलाचे वाहून नेतात, ते डोक्यावरच असते. तुळशीवृंदावन, पाण्याची कळशी, गाठोडे. जमिनीवरून पाहणाऱ्याला कुंडीची बाजू दिसते. तुळशीची हिरवी पाने आणि तिच्या बुंध्याची ओली माती आकाशातूनच दिसते. बाई दिसत नाही, तिची तुळस दिसते. माझ्या मते ह्या चित्रांनी दिलेली ही एक अपूर्व गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट सावल्यांची. तिसरा प्रहर उलटून ऊन तिरपे झाले, की माणसाची सावली भूमीवर त्याच्यापेक्षा लांब पडते. वरून माथा तेवढा दिसणाऱ्या त्या ठिपक्याची खरी ओळख मग सावली सांगते. हिच्या हातात टाळ आहेत, ह्याच्या खांद्यावर वीणा आहे, ही दोन सावल्यांची एक झालेली आकृती म्हणजे मुलाला खांद्यावर घेतलेला बाप. पुराणवस्तुसंशोधकही आकाशचित्रांत बुजलेले कोट आणि गाडलेल्या भिंती ह्याच युक्तीने, तिरप्या उन्हाच्या सावल्यांवरून शोधतात.

आणि रिंगण! सदाशिवनगरचे असो, बेलवाडीचे असो, वा वाखरीजवळ बाजीरावाच्या विहिरीपाशी होणारे असो, गोल रिंगणाचा आकार खाली उभे राहिलेल्या माणसाला कधी समजतच नाही. त्याला समोरची पाठ दिसते, टाळांचा गजर ऐकू येतो, धुरळा उडतो, आणि अश्व आला म्हणेपर्यंत निघूनही जातो. वरून मात्र मध्यभागी पालखी, तिच्याभोवती दिंड्यांची कडी, त्या कड्यांच्या मधली मोकळी वाट आणि तीवर धावणारे दोन अश्व, असे सारे एका दृष्टिक्षेपात येते. एका अश्वावर स्वार असतो. दुसऱ्यावर कोणी नसते, तो माउलींचा. त्याची रिकामी पाठ वरून जितकी स्पष्ट दिसते, तितकी खालून दिसत नाही.

इतके सारे देणाऱ्या चित्राविषयी शंका ती कसली उरली? ती समजावून घेण्यासाठी रघुवंशाच्या तेराव्या सर्गाकडे वळावे लागेल. हवाई दर्शनाचे ह्याहून सरस वर्णन मला कोणत्याही भाषेत आढळलेले नाही. रावणवधानंतर राम सीतेसह पुष्पकातून अयोध्येस निघाला आहे आणि खालची भूमी तिला दाखवीत आहे. समुद्राचा किनारा तमाल-ताडांच्या रांगांनी काळसर झालेला. लोखंडी चाकाच्या धारेवर चढलेल्या गंजाच्या रेषेसारखा तो कवीला दिसतो. पुढे चित्रकूटाजवळची मंदाकिनी पृथ्वीच्या गळ्यातील मोत्यांच्या सरासारखी. इथवर हे कोणीही उत्तम छायाचित्रकार टिपील. परंतु मध्येच राम एका जागेकडे बोट दाखवून सांगतो, की तुला शोधीत हिंडत असताना तुझ्या पायातून गळलेले, मुके होऊन पडलेले एक नूपुर मला येथे सापडले.

थांबून विचार करावा असे हे स्थळ आहे. त्या उंचीवरून नूपुर दिसणे शक्य नाही. शिवाय ते आता तेथे नाहीच. रामाने ते केव्हाच उचलले. तरीही त्याला ती जागा अचूक ओळखते, कारण ते सारे अरण्य त्याने रडत, पायी तुडविले आहे. आणि सीतेला ते दाखवावे लागते, ह्यालाही कारण आहे. तिने ही वाट पूर्वी एकदा पाहिली होती, पण आकाशातूनच. रावण तिला घेऊन जात असता वरून तिला डोंगरावर बसलेले पाच वानर दिसले आणि तिने आपले अलंकार खाली टाकले. जमिनीवर पुढे काय घडले, हे तिला कोण सांगणार? चालून गेलेला माणूस जवळ असेल, तरच विमानातून दिसणाऱ्या भूमीला वाचा फुटते.

ह्याचा प्रत्यय मला येथेच, पंढरीत आला. चातुर्मासात आमच्याकडे परभणीकडील एक वृद्ध वारकरी उतरतात. एका दुपारी कोणीतरी आणलेले वारीच्या चित्रांचे पुस्तक त्यांच्यापुढे उघडे होते. दिवे घाटाचे पान आले. माळ ओढता ओढता ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले आणि मग घाटाच्या एका वळणावर त्यांनी बोट ठेवले.

“ह्या वळणाला म्हातारी बसली होती, महाराज. मी म्हणलो, उठ, सासवड जवळच हाय. म्हणली, तुम्ही व्हा पुढं, मी येते. मी हिच्यासाठी थांबलोच न्हाई. दिंडी पुढं निघाली ना.”

“मग?”

“आली की. लई उशिरा आली मुक्कामाला, पण आली. तीच शेवटची वारी तिची. पौषात गेली.”

ते चित्र त्या वर्षीचे नव्हते. ती बाई त्यात असणे शक्यच नव्हते, आणि हे त्या गृहस्थांनाही पक्के ठाऊक होते. तरी त्यांचे बोट त्या वळणावरून हलेना. पुस्तक ज्यांचे होते, ते गृहस्थ मोठे रसिक. रंगसंगतीबद्दल काही बोलू लागले होते, ते बोलणे त्यांनी मध्येच सोडले. मला त्या क्षणी तेराव्या सर्गातले ते स्थळ आठवले. मी इतकी वर्षे ते शिष्यांना अलंकारांसाठी शिकवीत आलो आहे.

ह्याच्या उलट उदाहरणही कालिदासानेच देऊन ठेविले आहे. शाकुंतलाच्या सातव्या अंकात दुष्यंत इंद्राच्या रथातून खाली उतरत आहे. पर्वतांच्या शिखरांवरून भूमी जणू खाली घसरते आहे, पानांत दडलेल्या वृक्षांचे बुंधे हळूहळू प्रकट होत आहेत, रेषेसारख्या पुसट झालेल्या नद्यांना पुन्हा पाणी येत आहे, आणि कोणीतरी सबंध पृथ्वीच आपल्याकडे उचलून फेकीत आहे असे त्याला वाटते. विमान धावपट्टीकडे उतरताना आपणही नेमके हेच पाहतो. राजा विस्मित होऊन मातलीची वाखाणणी करतो. परंतु ज्या भूमीचे तो एवढे कौतुक करीत आहे, तिच्यावर आपला मुलगा खेळत आहे आणि आपण टाकलेली पत्नी तेथेच आहे, ह्याचा त्याला पत्ता नाही. रथातून उतरून अशोकाखाली उभे राहावे लागते, तेव्हा सिंहाच्या छाव्याशी झोंबणारे ते पोर त्याच्या दृष्टीस पडते.

म्हणून मला वाटते, की आकाशचित्राचा दोष उंचीत नाही. खाली न उतरता पान उलटण्यात आहे. वारी न केलेला माणूस ते चित्र पाहून ‘केवढी गर्दी!’ म्हणतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. त्याला दोष का द्यावा? त्याच्याजवळ बोट ठेवण्यासाठी वळण नाही.

दूरदृष्टीचा उपयोग नाकारण्याचाही माझा हेतू नाही. पंख जळालेला संपाती विंध्यावर नुसता बसून होता. पण शंभर योजनांपलीकडची सीता त्यालाच दिसली आणि मगच हनुमंताचे उड्डाण झाले. अलीकडच्या वाऱ्यांत पोलीस ड्रोनमधून घाटावरची आणि महाद्वारातली दाटी न्याहाळतात, ते ह्याच जातीचे काम. गर्दीत चेंगरणाऱ्याला आपण कोणत्या बाजूस सरकावे हे कळत नाही, वरच्याला कळते.

आणि चंद्रभागेविषयी तर ह्या चित्रांनी आम्हां पंढरपुरकरांचे डोळे उघडावेत. भीमा येथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा. ही कोर घाटावर उभे राहून दिसत नाही. आमच्या पूर्वजांनी कोणत्या डोळ्यांनी ती पाहिली आणि हे नाव ठेवले, ह्याचे मला बालपणापासून नवल वाटत आले आहे. आज ते रूप कोणासही चित्रात पाहता येते: पुंडलिकाचे मंदिर पात्रात, पैलतीरावर पासष्ट एकरांत दिंड्यांच्या तंबूंची आणि ताडपत्र्यांची नगरी, दूर विष्णुपद, गोपाळपूर. पण त्याच चित्रात, उन्हाळ्यात घेतलेले असेल तर, वाळूचा उपसा करून पाडलेले खड्डेही दिसतात. उथळ पाण्याच्या फिकट पट्ट्यात मध्येच गडद डाग. तो डाग म्हणजे खोली. पौर्णिमेच्या आत घरी परतावयाचे म्हणून घाईने स्नानाला उतरलेल्या परगावच्या वारकऱ्याला काठावरून सारे पाणी सारखेच दिसते; कोठे पाय टेकेल आणि कोठे टेकणार नाही, हे त्याला कोण सांगणार? येथील कोळी बांधव सांगतात, ओरडून सांगतात, पण गजरात ते ऐकू जातेच असे नाही. ज्यांच्या मेजावर ही आकाशचित्रे असतात, त्यांनी ते गडद डाग मोजावेत, आणि एकादशीपूर्वी तेथे बांबू रोवून दोर बांधावेत. पुण्यसलिलेची स्तोत्रे आम्ही गाऊच.

दर्शनाच्या उंचीचाही विचार आला. आमचा देव उभा आहे तो विटेवर. भूमीपासून त्याची उंची एका विटेची, आणि तेवढीही भक्ताने दिली म्हणून. समचरण, नजर समोर. भक्त येतो तो त्याच्या पायांवर डोके ठेवण्यासाठी. ज्याला गाभाऱ्यापर्यंत पोचता येत नाही, तो मुखदर्शन घेतो. ज्याला तेही साधत नाही, तो वाळवंटातून मान वर करून कळस पाहतो आणि हात जोडून गावी परततो. कळसदर्शनाने वारी पुरी होते, अशी सर्वांची श्रद्धा आहे. आकाशचित्रात ह्या कळसाचा माथा दिसतो, आणि भोवताली पत्र्यांची छपरे, गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या, गोपाळपुराकडे वळसे घेत गेलेली दर्शनबारीची शेड. महाद्वारातील नामदेवांची पायरी मात्र दिसत नाही. संतांच्या पायांची धूळ अंगावर पडावी म्हणून ज्यांनी मुद्दाम सर्वांत खालची जागा मागून घेतली, ते वरून दिसावेत कसे?

२०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षी करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस. टी.च्या बसमधून पंढरीस आल्या. त्या वेळच्या ओस वाळवंटाची आकाशचित्रे अनेकांनी पाहिली असतील. आमच्या त्या वृद्ध वारकऱ्यांनीही पुढे ती पाहिली आणि विचारले, “हे कुठलं गाव?”

ह्या एकादशीलाही ड्रोन उडतील आणि चित्रे येतील. कात्रण कापून ठेवावयाचे असेल त्याने खुशाल ठेवावे. घरात वारी केलेले कोणी वडीलधारे असेल, तर देवघरात लावण्यापूर्वी ते त्यांच्यापुढे धरावे आणि त्यांचे बोट कोठे जाते ते पाहावे. पौर्णिमेस गोपाळपुरी काला होईल, लाह्या-दह्याचा प्रसाद घेऊन पालख्या त्याच दिवशी मागे फिरतील. परतवारीत माणसे थोडी असतात. पताका गुंडाळलेल्या असतात, पेरणीची घाई असते, गावोगाव स्वागताच्या कमानी नसतात. पालखीबरोबर मूठभर मंडळी भिजत, चिखल तुडवीत दिवे घाट उतरतात. त्या वाटेचे आकाशातून घेतलेले चित्र माझ्या पाहण्यात अद्याप आलेले नाही.